यकृतात एलपीएल असतं का? आधी वय सांगा

तुमचे दोन्ही प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही धागा लागेल. पहिला प्रश्न अभ्यासातला. एम.एस्सी.च्या पुस्तकात लिहिलंय की लायपोप्रोटीन लायपेज, म्हणजे एलपीएल, हे एन्झाइम चरबीत, हृदयात आणि स्नायूंत असतं, यकृतात नसतं. पण प्रकल्पासाठी वाचलेल्या शोधनिबंधात नवजात उंदराच्या यकृतात ते भरपूर सापडलेलं आहे. मग खरं काय? दुसरा प्रश्न घरातला. तुमच्या ताईचं बाळ आठव्या महिन्यातच झालं, ते काचेच्या पेटीत आहे आणि त्याला शिरेतून दुधासारखं पांढरं द्रावण थेंबाथेंबानं चालू आहे. आजी विचारते आहे की चरबीच द्यायची तर घरचं खोबरेल दुधातून का नको.

मी कोकणात नवजात बाळांचा डॉक्टर आहे आणि त्याआधी लिपिडच्या प्रयोगशाळेत काम केलं आहे. माझ्या लेखी हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. चरबी पचवणारी, वाटणारी आणि जाळणारी एन्झाइमं कोणत्या अवयवात किती असतात हे वयावर ठरतं, आणि त्या वयात शरीरात कसलं अन्न येतंय त्यावर ठरतं. पुस्तकातलं वाक्य मोठ्या झालेल्या प्राण्याबद्दल आहे, शोधनिबंध दूधपित्या पिल्लाबद्दल आहे. दोन्ही खरे आहेत. पुस्तकाच्या वाक्यात ‘प्रौढ’ एवढा एक शब्द हवा होता.

पोटातल्या बाळापासून सुरू करू. गर्भाला वारेतून मिळणारं मुख्य इंधन म्हणजे ग्लुकोज. त्याचं हृदयसुद्धा ग्लुकोज आणि लॅक्टेटवर चालतं. आईकडून फॅटी ॲसिडं येतात, पण ती जाळण्यासाठी फारशी वापरली जात नाहीत. पेशींची आवरणं बांधायला, मेंदूला आणि शेवटच्या तीन महिन्यांत अंगावर साठवायला ती लागतात. अठ्ठाविसाव्या आठवड्यात बाळाच्या वजनात चरबी जेमतेम ३ ते ४ टक्के असते, पूर्ण दिवसांच्या बाळात १२ ते १५ टक्के. हा आकडा लक्षात ठेवा, ताईच्या बाळाच्या बाबतीत तो पुन्हा लागेल.

मग नाळ कापली जाते आणि ग्लुकोजचा अखंड पुरवठा थांबतो. इन्सुलिन उतरतं, त्याच्या उलट काम करणारी ग्लुकागॉन आणि ॲड्रेनलिन ही संप्रेरकं चढतात. पुढे जे अन्न येतं ते आईचं दूध. पहिल्या चिकात चरबी कमी असते, पण दूध नीट उतरायला लागलं की दर १०० मिलिलिटरमागे साधारण ३.५ ते ४.५ ग्रॅम चरबी मिळते आणि बाळाच्या निम्म्या कॅलरी तिच्यातून येतात. जो जीव कालपर्यंत साखरेवर होता तो काही तासांत चरबीवर येतो. आयुष्यात आहाराचा एवढा मोठा पालट पुन्हा एकदाच होतो, तो दूध सुटून जेवण सुरू होताना, आणि तो उलट्या दिशेनं. एन्झाइमांच्या प्रमाणातले मोठे बदल नेमके या दोन पालटांभोवती गोळा झालेले दिसतात.

एलपीएल काय करतं ते नीट समजून घ्या. रक्तातली चरबी ट्रायग्लिसराइडच्या रूपात, कायलोमायक्रॉन आणि व्हीएलडीएल नावाच्या कणांत भरून फिरते. हे कण इतके मोठे असतात की जसेच्या तसे पेशीत शिरू शकत नाहीत. केशवाहिनीच्या आतल्या भिंतीला धरून बसलेलं एलपीएल त्यांतलं ट्रायग्लिसराइड फोडतं आणि सुटलेली फॅटी ॲसिडं शेजारच्या पेशी उचलतात. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासळीची बोट ज्या धक्क्यावर उतरवणारे हात असतील तिथेच रिकामी होते, रक्तातल्या चरबीचंही तसंच आहे. एलपीएल तयार करतात चरबीच्या, हृदयाच्या आणि स्नायूंच्या पेशी, आणि जीपीआयएचबीपी-१ नावाचं प्रथिन ते उचलून केशवाहिनीच्या आतल्या बाजूला नेऊन बसवतं. त्यामुळे एखाद्या अवयवात एलपीएल किती हे विचारणं म्हणजे रक्तातली चरबी तिथे किती उतरणार हे विचारणं. प्रौढातही हे वाटप स्थिर नसतं. जेवल्यावर पांढऱ्या चरबीतलं एलपीएल वाढतं, उपाशी राहिलं की तिथलं घटतं आणि हृदयातलं वाढतं. अंगावर पाजणाऱ्या आईत ते दुधाच्या ग्रंथीत चढतं आणि चरबीत उतरतं.

आता यकृत. प्रौढ प्राण्याच्या यकृतात एलपीएलचं जनुक जवळपास बंद असतं आणि तिथे त्याच कुळातलं हेपॅटिक लायपेज काम करतं. पण रॅटच्या (प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराच्या) नवजात पिल्लाच्या यकृतात एलपीएलचा एमआरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी जनुकावरून निघणारी प्रत, सापडतो आणि एन्झाइमची क्रियाही मोजता येते. नंतर ती उतरत जाते आणि पिल्लू दूध सोडून दाण्यावर आलं की जवळपास संपते. म्हणजे हे एलपीएल दुसऱ्या अवयवातून रक्तावाटे वाहत येऊन यकृतात अडकलेलं, एवढंच नाही. अशी शंका घेणं मात्र रास्त आहे, कारण प्रौढ यकृत रक्तातलं सुटं एलपीएल खरोखरच गोळा करतं. म्हणूनच यकृतात नुसती क्रिया मोजून भागत नाही, एमआरएनए पाहावाच लागतो.

पिल्लाच्या यकृताला एलपीएल कशाला हवं? याचं उत्तर देणारा एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. १९९५ साली माउसमधलं, म्हणजे छोट्या उंदरातलं, एलपीएलचं जनुक काढून टाकलं तेव्हा दिसलं की पिल्लं जन्मताना ठीक दिसतात, पण आईचं दूध प्यायली की फिकी पडतात, मग निळी पडतात आणि एका दिवसाच्या आत मरतात. मरताना रक्तातलं ट्रायग्लिसराइड दर डेसिलिटरमागे १५,००० मिलिग्रॅमच्या घरात गेलेलं असतं. पुढे १९९८ साली अशाच उंदरांमध्ये फक्त यकृतात एलपीएल तयार होईल अशी सोय केली गेली. पिल्लं जगली. पण त्यांच्या रक्तातलं ट्रायग्लिसराइड अठराव्या तासाला जवळपास तितकंच चढलेलं होतं. फरक पडला तो दुसरीकडे. रक्तातले कीटोन (यकृत चरबीपासून बनवतं ते इंधन) वाढले, ग्लुकोज वाढलं, आणि यकृताच्या पेशी चरबीच्या थेंबांनी भरल्या. पिल्लं दुधावर असताना वजनाने फार रोडावली आणि साध्या दाण्यावर आल्यावर सावरली.

यातून मी काय समजतो ते सांगतो. यकृतातलं एलपीएल रक्त साफ करायला फारसं उपयोगी पडत नाही. ते दुधातल्या चरबीचा एक वाटा थेट यकृतात वळवतं. यकृत ती जाळून कीटोन बनवतं आणि त्याच ऊर्जेवर नवीन ग्लुकोजही तयार करतं. रॅट किंवा माउस जन्मतो तेव्हा त्याच्या अंगावर पांढरी चरबी जवळपास नसतेच, म्हणजे उपासाला काढायला साठा नाही, आणि मेंदू मात्र वाढतो आहे. दुधावाटे आलेली चरबी यकृतातच उतरली तर मेंदूला कीटोन लगेच मिळतात. दूध सुटल्यावर आहारातली चरबी घटते, अंगावर चरबी साठलेली असते, आणि या सोयीची गरज राहत नाही. उलट यकृतातच चरबी उतरत राहिली तर ते फॅटी होईल.

हे जनुक कायमचं मुकं झालेलं नसतं हेही ध्यानात ठेवा. प्रौढ उंदरांना रक्तातली चरबी उतरवणारी फायब्रेट गटाची औषधं दिली की पीपार-आल्फा नावाच्या नियंत्रकामार्फत यकृतात एलपीएल पुन्हा दिसू लागतं. दाह वाढवणाऱ्या काही सायटोकाइननीही तसं होतं. ‘यकृतात एलपीएल नसतं’ हे वाक्य प्रौढातसुद्धा ‘निरोगी, औषध न घेतलेल्या’ अशा पुरवण्या मागतं.

हृदयाची गोष्ट बरोबर उलटी. जन्मताना हृदयातलं एलपीएल कमी असतं आणि दूधपित्या काळात ते चढत जातं. सशाच्या पिल्लात पहिल्या दिवशी हृदय मुख्यतः ग्लायकोलिसिस (ग्लुकोज फोडण्याची प्रक्रिया) आणि लॅक्टेटवर चालतं, आठवड्याभरात फॅटी ॲसिड हे मुख्य इंधन होतं. इथे नुसतं प्रमाण बदलत नाही, एन्झाइमचा प्रकारही बदलतो. फॅटी ॲसिडला मायटोकॉन्ड्रियाच्या दारातून आत नेणाऱ्या सीपीटी-१ चे दोन मुख्य प्रकार आहेत: यकृतातला ‘ए’ आणि स्नायूंतला ‘बी’. रॅटच्या नवजात हृदयात सीपीटी-१ च्या क्रियेचा साधारण चौथा हिस्सा यकृती प्रकाराचा असतो. प्रौढ हृदयात तो २ ते ३ टक्क्यांवर येतो. चरबी बनवताना तयार होणारा मॅलोनिल-कोए हा रेणू सीपीटी-१ ला रोखतो, पण यकृती प्रकाराला तो सहजासहजी रोखू शकत नाही. जन्मानंतरच्या दिवसांत, मॅलोनिल-कोए अजून पुरतं उतरलेलं नसताना, हृदयाला ही सवलत उपयोगी पडत असावी, असं मला वाटतं.

तपकिरी चरबी जन्माच्या सुमारास पूर्ण तयारीत असते. एलपीएलही भरपूर आणि उष्णता काढणारं यूसीपी-१ ही भरपूर. मानेभोवती, खांद्यांच्या फऱ्यांमध्ये, मूत्रपिंडांभोवती ती असते आणि नवजात बाळ थरथरून नाही तर तिच्यातून ऊब मिळवतं. ही चरबी शेवटच्या तिमाहीत भरते, म्हणून आधी जन्मलेलं बाळ पटकन गार पडतं. कोकणात लोकांना वाटतं की आपल्याकडे थंडी कुठे आहे. पण आषाढात ओल्या हवेत, दारं उघडी असलेल्या खोलीत, १.५ किलोचं बाळ अर्ध्या तासात गार झालेलं मी पाहिलं आहे. आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवायची कांगारू पद्धत १९७८ साली कोलंबियातल्या बोगोता शहरात सुरू झाली, ती पेट्या कमी पडत होत्या म्हणून. आज ती पेटी असतानाही आम्ही वापरतो.

मेंदूबद्दल थोडक्यात. रॅटच्या नवजात मेंदूत, विशेषतः हिप्पोकॅम्पसमध्ये, काही काळ एलपीएल दिसतं. कीटोन वापरणारी एन्झाइमंही दूधपित्या काळात चढतात आणि दूध सुटल्यावर उतरतात.

चरबी ‘जाळण्या’च्या बाजूला यकृतातली दोन नावं पुरेत: सीपीटी-१ए आणि कीटोन बनवण्यातली गाठीची पायरी सांभाळणारं मायटोकॉन्ड्रियातलं एचएमजी-कोए सिंथेज, म्हणजे एचएमजीसीएस-२. रॅटमध्ये दोन्ही गर्भात कमी, जन्मानंतर एका दिवसात चढलेली, दूधपित्या काळात चढीच, दाण्यावर आल्यावर उतरलेली. चरबी ‘बनवणारी’ एन्झाइमं, म्हणजे फॅटी ॲसिड सिंथेज आणि ॲसिटिल-कोए कार्बोक्झिलेज, बरोबर याच्या विरुद्ध जातात. दूधपित्या यकृतात ती दबलेली असतात आणि पिष्टमय दाण्यावर उसळतात. आता प्रश्न असा की हे वयाचं घड्याळ आहे की ताटातलं अन्न? पिल्लांना दूध सोडवून चरबीबहुल आहारावर टाकलं तर कीटोन बनवणारी एन्झाइमं चढीच राहतात आणि चरबी बनवणारी उसळत नाहीत. म्हणजे यकृतात तरी मोठा वाटा अन्नाचा आणि त्यामागच्या इन्सुलिन-ग्लुकागॉनचा आहे. तुमच्या प्रकल्पात ‘वयानुसार बदल’ असा मथळा असेल तर ही गोष्ट चर्चेत यायलाच हवी, कारण रॅटमध्ये वय आणि आहार दोन्ही एकदमच बदलतात आणि नुसता आलेख पाहून कोण कुणामुळे हे सांगता येत नाही.

पचनाची एन्झाइमंही याच नियमाने चालतात. मोठ्या माणसात चरबी फोडण्याचं मुख्य काम स्वादुपिंडातल्या लायपेजचं. नवजात बाळात ते फार कमी असतं. रॅटमध्ये तर त्याचा एमआरएनए दूध सुटायच्या सुमारासच वर येतो, आणि तोवर स्वादुपिंडातलं एक जवळचं लायपेज, पीएलआरपी-२, काम करतं. माणसाच्या बाळाचा भार तिघांवर असतो: जठरातलं लायपेज, हे पीएलआरपी-२, आणि तिसरं आईच्या दुधातूनच येणारं, पित्तक्षारांनी जागं होणारं लायपेज. आई बाळाला चरबी देते आणि ती पचवायचं एन्झाइमही त्याच दुधातून देते. मला हे जीवरसायनशास्त्रातलं सर्वांत सुंदर नियोजन वाटतं. पण हे एन्झाइम उष्णतेला नाजूक आहे. दुधाच्या पेढीत दान आलेलं दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवावं लागतं, त्यात ते नष्ट होतं आणि चरबी कमी शोषली जाते. दात्याच्या दुधाला हा तोटा पत्करावा लागतो, कारण जंतूंचा धोका मोठा. ताईने काढलेलं स्वतःचं दूध मात्र घरी किंवा दवाखान्यात कुणी उकळू नये. गार असेल तर वाटी कोमट पाण्यात ठेवावी, बस. प्रयोगशाळेत बनवलेलं हेच एन्झाइम वरच्या दुधात घालून पाहिलं गेलं, पण मोठ्या चाचणीत बाळांची वाढ त्याने सुधारली नाही. एखादं एन्झाइम कमी आहे म्हणून ते वरून दिलं की काम झालं, असं शरीर चालत नाही.

आता ताईचं बाळ. शिरेतून जाणारं पांढरं द्रावण म्हणजे तेलाचे अतिसूक्ष्म थेंब, फॉस्फोलिपिडच्या आवरणात गुंडाळलेले. शरीर त्यांना कायलोमायक्रॉनसारखंच वागवतं, म्हणजे ते रिकामे करायला पुन्हा एलपीएलच लागतं. आणि एलपीएल असतं कुठे? चरबीत आणि स्नायूंत. आठव्या महिन्यात आलेल्या बाळाच्या अंगावर दोन्ही थोडी. २८ आठवड्यांच्या आतल्या आणि पोटात खुरटलेल्या बाळात तर फारच थोडी. म्हणून द्रावण २४ तासांत पसरून, हळू चढवत देतात. साधारण सुरुवात दर किलोमागे दिवसाला १ ते २ ग्रॅम, मग वाढवत नेणं. युरोपातल्या बालपोषण तज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत वरची मर्यादा ४ ग्रॅम आहे, आणि रक्तातलं ट्रायग्लिसराइड दर डेसिलिटरमागे २६५ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर मात्रा कमी करायचा विचार करावा असं सांगितलं आहे. आम्ही नळीतलं रक्त थोडा वेळ उभं ठेवून वरचा थर पाहतो. तो दुधाळ दिसला तर उतरवणं मागे पडतंय हे आकडा यायच्या आधीच कळतं. २० टक्क्यांचं द्रावण १० टक्क्यांच्यापेक्षा बरं, कारण १० टक्क्यांच्यात चरबीच्या मानाने फॉस्फोलिपिड जास्त पडतं आणि तेच साफ व्हायला वेळ लावतं. पिशवी आणि नळी झाकलेली दिसेल ती प्रकाशाने तेल खराब होऊ नये म्हणून. ताईला सांगा, थेंब हळू पडतात म्हणून बाळाची हेळसांड होते आहे असं समजू नये. या वयात तोच वेग बरोबर आहे. आणि रोज काही मिलिलिटर का होईना, तिचं दूध पोटात जात असेल तर ते महत्त्वाचं आहे.

आजींच्या प्रश्नात खरं तर चांगलं रसायनशास्त्र दडलेलं आहे. मध्यम लांबीच्या फॅटी ॲसिडांचं तेल, ज्याला दवाखान्यात एमसीटी म्हणतात, ते नारळाच्या किंवा पाम बियांच्या तेलातूनच काढतात. ही छोटी फॅटी ॲसिडं कायलोमायक्रॉनमध्ये न भरता थेट यकृताकडे जाणाऱ्या शिरेत उतरतात, एलपीएलची वाट पाहत नाहीत आणि मायटोकॉन्ड्रियात शिरायला त्यांना सीपीटी-१ ची फारशी गरज लागत नाही. म्हणूनच जन्मतः एलपीएल नसलेल्या मुलांच्या आहारात इतर चरबी अगदी कमी करून हे तेल वापरतात. पण एमसीटी म्हणजे नारळातून वेगळी काढलेली आठ आणि दहा कार्बनची फॅटी ॲसिडं. आपल्या घाण्याच्या खोबरेलात ती मिळून जेमतेम १२ ते १५ टक्के. सर्वांत मोठा वाटा, जवळपास निम्मा, बारा कार्बनच्या लॉरिक ॲसिडचा, आणि त्यातलं बरंचसं नेहमीच्या लांब रस्त्यानेच जातं. त्यामुळे घरचं खोबरेल म्हणजे दवाखान्यातलं एमसीटी नव्हे.

त्याहून महत्त्वाचं, या बाळाचं गिळणं आणि श्वास यांचा मेळ अजून बसलेला नाही. तेलाचा थेंब श्वासनळीत गेला तर फुप्फुसाला होणारा दाह लवकर बरा होत नाही. तोंडात, नाकात, कानात खोबरेल नको. मध नको, गुटी नको. बाळ स्थिर झाल्यावर डॉक्टरांना विचारून अंगाला हलक्या हाताने खोबरेल लावायला आजींना जरूर सांगा, त्यांचं प्रेम तिथे कामाला लागू दे.

आजींना दुसरंही काम आहे. ताईच्या दुधातलं डीएचए, म्हणजे मेंदू आणि डोळ्यांच्या पडद्याला लागणारं लांब साखळीचं फॅटी ॲसिड, तिच्या खाण्यावर बरंच अवलंबून असतं. अकाली बाळाला ते पोटात शेवटच्या तिमाहीत मिळायचं राहून गेलं आहे. आपल्याकडे काही घरांत बाळंतिणीचे मासे बंद करतात. ताई मासे खात असेल तर तारली आणि बांगडा चालू ठेवा, ते स्वस्तही आहेत आणि त्यांत डीएचए चांगलं असतं. मोरीसारखे मोठे शिकारी मासे टाळा, त्यांत पारा साठतो.

आणि सहा महिन्यांनी उष्टावण झाली की पुन्हा तो पालट येईल. निम्म्या कॅलरी चरबीतून घेणारं बाळ तांदळाच्या पेजेवर आणि नाचणीच्या सत्त्वावर येतं, ज्यांत चरबी जवळपास नाहीच. एन्झाइमं नव्या अन्नाशी जुळवून घेतील, पण वाढत्या मेंदूला चरबी अजून हवी. दोन वर्षांपर्यंत कॅलरींचा साधारण तिसरा हिस्सा चरबीतून यायला हवा. म्हणून अंगावरचं दूध चालू ठेवायचं आणि प्रत्येक वाटीत चमचाभर तूप किंवा तेल. तेव्हा घरचं खोबरेलही चालेल.

उंदरावरून माणसावर येताना मात्र सांभाळा. रॅट अगदी अपक्व जन्मतो आणि साधारण तीन आठवड्यांत दूध सोडतो. माणसाचं बाळ अंगावर चरबी घेऊन येतं. एलपीएल नसलेलं माउसचं पिल्लू एका दिवसात मरतं, एलपीएल नसलेलं माणसाचं मूल जगतं, त्याचं रक्त दुधाळ होतं आणि स्वादुपिंडाला वारंवार सूज येते. तेव्हा ‘नवजात यकृतात एलपीएल’ हा निष्कर्ष मांडताना प्राण्याचं नाव वाक्यातच लिहा.

प्रकल्पाबद्दल शेवटचं. जिवंत प्राण्यांवर काम करायचं तर संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी लागते आणि एका सत्रात ते जमणं कठीण. दुसऱ्यांच्या मोजमापांवर काम करा, पण ती वाचताना तीन गोष्टी तपासा. एक, मोजलं काय: एमआरएनए, प्रथिन की क्रिया? उपाशी प्राण्याच्या चरबीत एलपीएलचा एमआरएनए फारसा न हलता क्रिया कोसळते, कारण एएनजीपीटीएल-४ नावाचं प्रथिन एन्झाइमच निकामी करतं. दोन, यकृतात क्रिया मोजली असेल तर ती हेपॅटिक लायपेजपासून वेगळी कशी केली? एलपीएलला चालना देणाऱ्या ॲपो-सी-२ या प्रथिनासाठी रक्तद्रव लागतो आणि एक मोलर मिठात ते मंदावतं, हेपॅटिक लायपेज त्या मिठात टिकतं. ही चाचणी नसेल तर तो आकडा मी तरी मानणार नाही. तीन, एमआरएनएचं प्रमाण कशाच्या तुलनेत काढलं? तुलनेसाठी नेहमी घेतलं जाणारं जीएपीडीएच हे ग्लायकोलिसिसमधलंच एन्झाइम आहे, हृदयाचं इंधन बदलताना तेही हलू शकतं. त्याला स्थिर धरून काढलेला आलेख फसवतो. शिवाय पिल्लू नुकतं प्यायलेलं होतं का हेही पाहा. नवजात माउसच्या पोटात दूध असलं तर पातळ कातडीतून डाव्या बाजूला पांढरा ठिपका स्पष्ट दिसतो, आणि चांगले संशोधक ते नोंदवतात.

२०१९ साली प्रसिद्ध झालेली एक मोठी खुली माहिती तुम्हाला उपयोगी पडेल. माणूस, माकड, माउस, रॅट, ससा, ओपॉसम आणि कोंबडी या सात प्राण्यांचे सात अवयव गर्भापासून प्रौढापर्यंत त्यात आहेत. यकृत, हृदय आणि मेंदू मिळतील, पण चरबी आणि स्नायू त्यात नाहीत. तपकिरी आणि पांढऱ्या चरबीसाठी वेगळे संच शोधावे लागतील, आणि दोन ठिकाणचे आकडे एकाच तक्त्यात थेट शेजारी ठेवू नका. जनुकं थोडीच घ्या: एलपीएल, हेपॅटिक लायपेज, सीपीटी-१ए, सीपीटी-१बी, एचएमजीसीएस-२ आणि फॅटी ॲसिड सिंथेज. आडव्या अक्षावर दिवसांच्या सोबत जन्म आणि दूध सुटण्याची रेघ ओढा. रॅटचं पिल्लू साधारण पंधराव्या-सोळाव्या दिवसापासून दाणे कुरतडायला लागतं, म्हणून ती दुसरी रेघ एका दिवसावर न ओढता सोळा ते एकवीस असा पट्टा रंगवा.